शिवराम जानबा कांबळे आणि १,५८८ सह्यांचा अर्ज

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली की परमपूज्य बाबासाहेबांवर लिहिणारे पुष्कळ असतात, आणि ते योग्यच आहे. पण बाबासाहेबांच्या अगोदर ज्यांनी रान साफ करून ठेवले, त्यांची नावे आपल्या पोरांना विचारा. महात्मा फुल्यांच्या पुढे गाडी सरकत नाही. म्हणून यंदा आम्ही पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांच्याविषयी लिहायचे ठरवले.

शिवरामजींचा जन्म १८७५ चा, पुण्यातला. नोकरी कसली, तर फ्रीमेसन लोकांच्या हॉलमध्ये बटलरची. साहेबांच्या पुढ्यात बशा मांडायच्या आणि उचलायच्या. पण हा माणूस लिहायला-वाचायला शिकला, इंग्रजीही शिकला, आणि सरकारदरबारी गोष्ट कशी पोचवायची हे त्याने हेरून ठेवले. १९०४ साली पुण्यात आपल्या लोकांसाठी वाचनालय काढले. बटलरने वाचनालय काढावे, हे आजच्या शिकल्यासवरल्यांनी जरा मनात घोळवून पाहावे.

अर्जाची गोष्ट समजायची तर त्या वेळची स्थिती माहीत पाहिजे. पेशवाईच्या विरुद्ध इंग्रजांच्या पलटणीत महार लढले. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांपैकी २२ महारांची नावे भीमा कोरेगावच्या स्तंभावर आजही वाचायला मिळतात. पण त्याच सरकारने १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. काय, तर म्हणे ही जात लढवय्यांत मोडत नाही! दगडावर नाव कोरायला चालते आणि हजेरीपटावर चालत नाही, असा तो न्याय. पलटण होती तोवर पगार होता, पेन्शन होती, आणि मुख्य म्हणजे छावणीत शाळा होती. ती वाट बुजली आणि माणसे परत वतनावर आली. येसकरकी करा, सरकारी टपाल न्या, अंमलदाराचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला पोचवा, रात्री वेस राखा. बदल्यात इनामाचा तुकडा आणि दारोदारची भाकर. गावाची राखण बिनपगारी महाराने करायची, पण पोलीस शिपाई म्हणून घ्यायचे तर तो चालत नाही.

यावर पहिली दाद मागितली ती कोकणातल्या गोपाळबाबा वलंगकरांनी. ते स्वतः पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजीही त्यासाठी खटपटले. पण त्या खटपटीला यश आले नाही. शिवरामजींनी काम वेगळ्या तऱ्हेने हाती घेतले. पुणे जिल्ह्यात सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरवली आणि १९०३ च्या सुमारास मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्याच्यावर १,५८८ सह्या होत्या. बाबासाहेब तेव्हा बारा-तेरा वर्षांचे विद्यार्थी होते.

१,५८८ हा आकडा लहान नव्हे. आम्ही गिरणीत सह्यांची मोहीम केलेली आहे. एका खात्यातली पन्नास माणसे मिळवायला आठवडा जातो, कारण प्रत्येकाला घरची चूल आठवते. इथे तर अक्षराची ओळख नसलेला समाज, वतन गावच्या हातात, आणि पाटील-कुलकर्ण्याला कळले तर बलुते बंद. त्या माणसाने कागदावर नाव द्यायचे म्हणजे नुसती शाई नव्हती.

मागण्या काय होत्या? सरकारी शाळेत आमची मुले बसू द्या, पोलिसात आणि खालच्या नोकऱ्यांत घ्या, पलटणीची भरती उघडा. सरकारने दाद दिली नाही.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. शिवरामजींनी जुलै १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. आपल्या समाजाच्या अगदी सुरुवातीच्या नियतकालिकांत त्याची गणना होते. देवाला मुरळ्या सोडायच्या चालीवर त्यांनी त्यातून कोरडे ओढले. शिवूबाई नावाच्या मुरळीने त्यांना उत्तरादाखल पत्र लिहिले, ते त्यांनी छापले, आणि पुढे तिचे रीतसर लग्नही झाले. १९१० साली जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरली. मुरळ्या सोडण्याचे ठिकाण म्हणून जे गाव ओळखले जायचे, तिथेच ही परिषद झाली! आता अर्ज मुंबईला नाही, थेट विलायतेला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे गेला.

या अर्जाची भाषा नरम आहे. मोठे हुद्दे आम्हांला नकोत, शिपायाच्या आणि सैनिकाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर तरी उभे राहू द्या, असा त्याचा आशय. हे वाचून आजचा तरुण नाक मुरडतो, म्हणतो ही कसली लाचारी. आमचे मत तसे नाही. ज्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, तो आधी उंबराच मागणार. आणि एकदा पलटणीत शिरला की त्याची पोरे शाळेत जाणार, हे शिवरामजींना पक्के ठाऊक होते. सुभेदार रामजींचे घर कुठून उभे राहिले?

दार उघडले ते पहिल्या महायुद्धात, सरकारला माणसे कमी पडली तेव्हा. १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ ला मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो. कायमची महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

शिवरामजी कोरेगावच्या स्तंभापाशी सभा घेत. १ जानेवारी १९२७ ला त्यांच्याच आमंत्रणावरून बाबासाहेब तिथे आले. आज आपण बसगाड्या करून जातो, त्याचा मूळ धागा इथे आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पेटले.

आणि ज्यांनी नरम भाषेत अर्ज लिहिले, ते शिवरामजी ऑक्टोबर १९२९ मध्ये पुण्याच्या पर्वती सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांत होते. वय चोपन्न. सत्याग्रहींवर दगड आले, माणसे जखमी झाली, देवळाचे दार तेव्हा काही उघडले नाही. पुढे २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला.