सर आर्थर कॉनन डॉइल

शेरलॉक होम्सच्या चातुर्यकथा आमच्या विद्यार्थ्यांस प्रिय आहेत. त्यांच्या कर्त्याचें चरित्र मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. डॉइल यांचा जन्म १८५९ सालीं एडिंबरो येथें झाला. तेथें वैद्यकी शिकत असतां त्यांचे गुरु डॉ. जोसेफ बेल रोग्यास नुसतें पाहून त्याचा धंदा ओळखीत. त्यावरूनच १८८७ सालीं होम्स अवतरला.

परंतु त्यांचें खरें मोठेपण आम्हांस निराळ्याच गोष्टींत दिसतें. मुंबईचे शापुरजी एदलजी हे पारशी ख्रिस्ती गृहस्थ विलायतेंत धर्मोपदेशक होते. त्यांचा सॉलिसिटर पुत्र जॉर्ज यास १९०३ सालीं, रात्रीं एका तट्टास जखमी केल्याच्या आरोपावरून, सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनीं सुटल्यावर तो डॉइल यांस भेटला. तो वर्तमानपत्र अगदीं डोळ्यांशीं धरून वाचीत होता. नेत्रवैद्यक शिकलेल्या डॉइल यांनीं तत्काळ ताडलें कीं, काळोखांत शेतें तुडवून असें कृत्य करणें ह्या अधू दृष्टीच्या मनुष्यास अशक्य आहे. त्यांनीं वर्तमानपत्रांत लेख लिहून लोकमत जागें केलें. १९०७ सालीं सरकारनें जॉर्ज यास त्या गुन्ह्यांतून मुक्त केलें. भरपाई मात्र दिली नाहीं. त्याच वर्षीं इंग्लंडांत फौजदारी अपिलाचें न्यायालय स्थापणारा कायदा झाला.

डॉइल १९३० सालीं वारले. विद्यार्थ्यांनो, कल्पित गुन्हे उलगडणारी लेखणी त्यांनीं एका निरपराध्यासाठीं झिजविली. होम्सच्या कोणत्याही विजयाहून हा विजय आम्हांस थोर वाटतो.