पवनारचे विनोबा : पारखून केलेला गुरू

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या तीरावरील पवनारचा आश्रम आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म मात्र तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथला, ११ सप्टेंबर १८९५ चा.

१९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस उतरून काशीस गेला. ब्रह्मजिज्ञासा तीव्र होती. परंतु घाटावरील पंडितांच्या वादांनी तिचे समाधान होईना. तेथेच गांधीजींच्या हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाचा वृत्तान्त त्यांच्या वाचनात आला. त्यांनी धावत जाऊन चरण धरले नाहीत. पत्राने शंका विचारल्या. उत्तर आले, तेव्हा पुन्हा विचारल्या. मग ७ जून १९१६ रोजी कोचरब आश्रमात भेट झाली. पुढे रजा घेऊन त्यांनी वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ उपनिषदांचे अध्ययन केले व वर्ष भरताच ते परतले. गुरू लाभला म्हणून ग्रंथ मिटला नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

१९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना वर्ध्यास पाठविले. १९३८ पासून ते पवनारास राहिले. १९५९ मध्ये तेथे त्यांनी भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. त्यास मठाधिपती नेमला नाही. निर्णय सर्वसंमतीने व्हावेत, असे ठरविले.

आणीबाणीत त्यांची भूमिका अनेक सहकाऱ्यांस पटली नाही. आम्हांसही ती पटत नाही. ते सहकारी जयप्रकाशांच्या मार्गाने गेले. परंतु विनोबांविषयीचा आदर बहुतेकांनी सोडला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्नपाणी वर्ज्य करून, विनोबांनी पवनार येथेच देह ठेवला.