‘चंद्रकांता’तली जादू चालायची कशी?

दूरदर्शनवर १९९४मध्ये आलेली ‘चंद्रकांता’ मालिका आठवते? तिच्या मूळ हिंदी कादंबरीचे लेखक देवकीनंदन खत्री. जन्म १८६१, बिहारमधला.

कल्पना कुठून आली?
बनारसजवळच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके खत्रींकडे होते. तिथले पडके किल्ले आणि गुहा त्यांच्या कथांत उतरल्या.

जादूचे नियम काय?
तिलिस्म म्हणजे पूर्वजांनी खजिना राखण्यासाठी रचलेली यंत्रांची वास्तू. कळ फिरली की दार उघडते, पुतळा हलतो. ती ठरलेल्या वारसाच्या हातूनच फुटते. ऐयार म्हणजे वेशांतरात तरबेज हेर. बेशुद्धीचे औषध आणि शुद्धीवर आणणारा लखलखा त्याच्या बटव्यात असतो. चमत्काराचा उलगडा अखेर यंत्रात किंवा औषधात होतो.

पुढे काय झाले?
हेच जग ‘चंद्रकांता संतति’च्या २४ भागांत आणि ‘भूतनाथ’मध्ये विस्तारले. ‘भूतनाथ’ अपुरी असताना १९१३मध्ये खत्रींचे निधन झाले. नियम पक्के असल्याने पुत्र दुर्गाप्रसाद यांना ती पुढे नेता आली.

महत्त्व काय?
या कादंबऱ्यांसाठी अनेक उर्दू वाचक नागरी लिपी शिकले, असे सांगितले जाते. हिंदीला मोठा वाचकवर्ग मिळाला, तो असा.