अंगणात आलेली शाळा

‘अंगणवाडी’ हा शब्द आता आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे, की तो कधीकाळी नवा होता हे ध्यानातच येत नाही. बाळाचे वजन करायचे असो, गरोदर बाईची नोंद असो, लसीचा दिवस असो, गावातली माणसे अंगणवाडीकडे वळतात. शब्द सरकारी वाटतो, पण तो कचेरीत जन्मलेला नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, शेणाने सारवलेल्या अंगणांत तो रुजला. आणि रुजवणारी बाई होती मुंबईची, पदवीधर, पन्नाशी उलटलेली. ताराबाई मोडक.

ताराबाई माहेरच्या केसकर. जन्म १९ एप्रिल १८९२ चा. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचे, मुलींच्या शिक्षणाला मोकळीक देणारे. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. तेव्हा पदवीधर मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे अमरावतीच्या वकील मोडकांशी लग्न झाले, पण संसार फार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. शंभर वर्षांपूर्वी घटस्फोट घेतलेली बाई, पदरी लहान मुलगी; नातेवाईक, शेजारीपाजारी काय बोलले असतील याची कल्पना वाचकांनी करावी. ताराबाईंनी नोकरी धरली. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. मानाची जागा, पक्का पगार. कुणीही तिथेच सेवानिवृत्त झाले असते.

पण जवळच भावनगरला एक वेगळाच गृहस्थ वेगळेच काही करत होता. गिजुभाई बधेका. मूळचे वकील, भरघोस मिशांचे. वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. गुजरातेत लोक त्यांना लाडाने मिशीवाली आई म्हणत. १९२३ मध्ये ताराबाई प्राचार्यपद सोडून त्यांच्या कामात सामील झाल्या. त्या काळी अडीच-तीन वर्षांच्या मुलांना शिकवणे म्हणजे काम आहे असे कुणी मानत नसे. मूल तेवढे झाले की त्याला पाटीवर अक्षरे गिरवायला बसवायचे, न बसल्यास छडी.

गिजुभाई आणि ताराबाईंनी मूळ धरले होते ते मारिया मॉन्टेसरींच्या विचाराचे. या डॉक्टरबाईंनी रोमच्या गरीब वस्तीत १९०७ साली बालगृह काढले. मूल हे ओतून भरायचे रिकामे भांडे नव्हे, ते आपण होऊन शिकत असते. हाताने, डोळ्यांनी, कानांनी, पुन्हापुन्हा तेच करून. मोठ्यांनी फक्त त्याच्या हाताशी येईल अशी वस्तू ठेवायची आणि मध्ये यायचे नाही. चार वर्षांचे पोर पाणी या भांड्यातून त्या भांड्यात दहादा ओतते तेव्हा आई म्हणते, सांडू नकोस. खरे तर ते त्या वेळी हात आणि डोळे यांची जोडणी करत असते. पुढे पेन्सिल धरायची ती याच हाताने.

ताराबाईंनी १९२६ साली गिजुभाईंसह नूतन बालशिक्षण संघ काढला, शिक्षणपत्रिका चालवली, आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. तिथे शिक्षिका तयार होऊ लागल्या. मध्यमवर्गीय पालक मुलांना आनंदाने पाठवू लागले. काम नावारूपाला आले.

इथेच ताराबाईंना खटकू लागले. मॉन्टेसरींची साधने म्हणजे लाकडाचे नेमक्या मापाचे ठोकळे, दट्ट्या, रंगीत फळ्या. सुंदर, पण महाग. गरीब वस्तीत सुरू झालेली पद्धत आपल्याकडे येईपर्यंत ऐपतदारांची झाली होती. शेतमजुराच्या पोराचे काय? गांधीजींनाही हाच प्रश्न पडला होता. १९३१ मध्ये लंडनला मॉन्टेसरीबाईंची भेट झाली तेव्हा त्यांनी गरीब मुलांचा विषय काढला होता.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई दादर सोडून बोर्डीला गेल्या. समुद्रकाठचे, सुरूच्या बनांचे, चिकूच्या वाड्यांचे गाव. त्याच वर्षी बोरिवलीच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या होत्या. अनुताई बालविधवा, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि पुण्यातली शिक्षिकेची नोकरी. ती सोडून त्याही बोर्डीला आल्या. एक परित्यक्तेसारखी जगाने पाहिलेली, एक विधवा. त्या दोघींनी पुढची अठ्ठावीस वर्षे एका कामात घातली.

बालवाडी सुरू केली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आली तरी टिकेनात. शिक्षिकांनी दारोदार जाऊन मुले गोळा करायची, न्हाऊमाखू घालायचे, केस विंचरायचे. तरी गैरहजेरी संपेना. दुसऱ्या कुणी अहवालात लिहिले असते की पालकांना शिक्षणाची आवड नाही. ताराबाईंनी कारण पाहिले. आईबाप मजुरीला गेले की घरातली मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसते. ती शाळेत गेली तर बाळाकडे कोण बघणार? तेव्हा शाळाच पाड्यावर न्यायची असे ठरले. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, जिथे मुले आधीच खेळताहेत तिथे. हीच अंगणवाडी.

साधनेही तिथलीच. शंखशिंपले, चिंचोके, गोटे, पाने, पिसे. मोठा-लहान, जड-हलका, खरखरीत-गुळगुळीत हे शिकायला रोमचा ठोकळाच लागतो असे नाही. किनाऱ्यावरच्या शिंपल्यांची प्रतवारी लावताना वर्गीकरण येते, बिया मोजताना अंक येतात. आणि मूल घाबरत नाही, कारण वस्तू त्याच्या ओळखीची असते.

१९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये हलले. इथे आणखी एक अडचण. सहा-सात वर्षांचे पोर सकाळी गुरे घेऊन रानात जाते. मग शिक्षक रानात गेले. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, अशी ती कुरणशाळा.

इथे मला माझी नोकरी आठवते. ऐंशीच्या दशकात बँकेच्या ग्रामीण शाखेत मी शेळ्यांसाठी कर्जे मंजूर करीत असे. अर्जात शेळ्यांची संख्या होती, चाऱ्याचा खर्च होता, हप्ता होता. शेळ्या कोण राखणार, असा रकाना नव्हता. मीही कधी विचारले नाही. तो राखणारा बहुधा आठ वर्षांचा असे.

कोसबाडला ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली. नाव विकासवाडी. ताईने बाळाला पाळण्यात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत सोडायचे आणि स्वतः वर्गात बसायचे. ऐकायला किती सोपे! पण घरातल्या मुलीच्या कडेवरचे ओझे आधी उतरवल्याशिवाय तिच्या हातात पुस्तक देता येत नाही, हे ओळखायला ताराबाईंसारखी बाई लागली.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बोर्डीत बालवाडी सुरू झाली त्याच १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. अंगणातल्या शिंपल्यांनी सावकाराचा फास सुटणार नव्हता. बापच गहाण असेल तर मुलाची शाळा कितीशी चालणार? मला वाटते, त्या डोंगरांत दोन्ही कामे हवी होती, आणि त्यांतले एक ताराबाईंच्या वाट्याला आले.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. मॉन्टेसरीबाईंचा जन्मदिवसही ३१ ऑगस्टच.

दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. आज देशात जवळपास चौदा लाख अंगणवाड्या आहेत. आहार, लस, वजनाचा तक्ता, आणि नोंदी, नोंदी, नोंदी. त्या साऱ्यातून ताईला वेळ उरला तर मुलांचे खेळणे. सेविकेला दोष देण्यात अर्थ नाही. मानधन थोडे आणि कामे डोक्यावरून जाणारी. ताराबाईंच्या अंगणात पहिला क्रम खेळाचा होता.

अनुताई कोसबाडच्या टेकडीवरच राहिल्या. १९९२ मध्ये त्या गेल्या, तोवर बालवाडीत बसू लागलेल्या पहिल्या मुलांची नातवंडे शाळेत जाऊ लागली होती.