घोड्याच्या पोटातल्या सगळ्यात घातक जंताला ओळख मिळवून देणारे आर्थर लोस

घोड्याच्या पोटात जंत असतातच. कुरणात चरणारा, चांगली निगा राखलेला घोडा घेतला तरी त्याच्या आतड्यात थोडेफार जंत निघणारच. खरा प्रश्न असतो तो किती आहेत आणि कोणते आहेत याचा. यातल्या 'कोणते' या प्रश्नाला ज्यांनी हात घातला ते म्हणजे आर्थर लोस.

लोस मूळचे जर्मनीचे. जन्म 1861 चा, गाव केमनिट्स. लाइपझिगला ते रुडॉल्फ लॉइकार्ट यांच्या हाताखाली तयार झाले. जंतांच्या अभ्यासात लॉइकार्ट म्हणजे त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. 1893 मध्ये बिलहार्झिया रोगाच्या कृमीचा अभ्यास करायला लोस इजिप्तला गेले आणि तिथेच रमले. पुढे कैरोच्या वैद्यकीय शाळेत ते प्राध्यापक झाले.

तिथेच त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला किस्सा घडला. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या हुकवर्मच्या अळ्या ते गिनीपिगना पाजत होते. त्या पाण्याचा एक थेंब त्यांच्या हातावर सांडला. थोड्या वेळात तिथे जळजळ सुरू झाली, कातडी लाल झाली. काही आठवड्यांनी त्यांनी स्वतःचीच विष्ठा तपासली, तर त्यात हुकवर्मची अंडी!

म्हणजे हा जंत तोंडावाटेच नाही, तर कातडीतूनही शरीरात शिरतो. 1898 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं, तेव्हा अनेकांना ते पटलं नाही. लोस यांनी पुढची कित्येक वर्षं घालवून अळ्यांचा कातडीतून रक्तात, तिथून फुप्फुसात आणि शेवटी आतड्यात जाण्याचा सगळा रस्ता दाखवून दिला.

याच काळात त्यांनी इजिप्तमधल्या घोड्या-गाढवांचे जंत तपासायला घेतले. घोड्याच्या मोठ्या आतड्यातल्या बारीक जंतांना तोवर सरसकट एकाच जातीचं मानायचे. लोस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तोंडं बघितली आणि सांगितलं, ही एक जात नाही, अनेक आहेत. मोठ्या जंतांचंही तसंच. 1900 मध्ये त्यांनी त्यातली एक जात वेगळी काढली. तीच आज स्ट्रॉंगायलस व्हल्गॅरिस या नावाने ओळखली जाते.

दोन-अडीच सेंटिमीटरचा हा जंत घोड्यासाठी सगळ्यात घातक समजला जातो. गवताबरोबर पोटात गेलेल्या त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरतात. तिथे रक्ताच्या गाठी होतात, आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि पोटशुळाने घोडा जाऊ शकतो.

आता या कामाचा आज उपयोग काय?

पूर्वी ठरावीक महिन्यांनी तबेल्यातल्या सगळ्याच घोड्यांना जंताचं औषध दिलं जायचं. त्यामुळे बारीक जंत औषधाला दाद देईनासे झाले. म्हणून आता लिदीतली अंडी मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण 200 ते 500 च्या वर अंडी निघाली, तरच त्या घोड्याला औषध द्यायचं.

पण यात एक गोम आहे. बारीक जंत आणि व्हल्गॅरिस यांची अंडी दिसायला सारखीच. लिदीतली अंडी उबवून अळ्या बघितल्याशिवाय फरक कळत नाही. डेन्मार्कमध्ये 1999 पासून तपासणीशिवाय औषध द्यायला बंदी आली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की, अंडी मोजून निवडक घोड्यांनाच औषध देणाऱ्या तबेल्यांमध्ये व्हल्गॅरिस जास्त सापडतोय. आकडा कमी होता, पण त्या थोड्यांत तो घातक जंत लपून राहिला होता.

लोस सगळीकडे बरोबर ठरले असंही नाही. बिलहार्झियाच्या कृमीला गोगलगाय लागत नाही, हा त्यांचा हट्ट 1915 मध्ये रॉबर्ट लायपर यांनी खोटा ठरवला. तोवर महायुद्ध पेटलं होतं आणि जर्मन असल्यामुळे लोस यांना इजिप्त सोडावं लागलं होतं. 1923 मध्ये गीसेन इथे ते वारले.

तुमच्याकडे घोडा असेल, तर पुढच्या वेळी अंडी किती हे विचारून थांबू नका. कोणत्या जंताची, हेही डॉक्टरांना नक्की विचारा.