डॉक्टर कोटणीस
मूळच्या वेंगुर्ल्याच्या, परंतु सोलापुरास स्थायिक झालेल्या कोटणीस घराण्यात द्वारकानाथांचा जन्म १९१० साली झाला. मुंबईस ते डॉक्टर झाले. त्या काळी जपानच्या आक्रमणाने चीन होरपळत होता. भारत स्वतःच परतंत्र. तरीही १९३८ मध्ये राष्ट्रसभेच्या आवाहनावरून लोकांनी वर्गणी दिली आणि पाच डॉक्टरांचे पथक औषधे घेऊन चीनला गेले. त्यांत कोटणीस होते. तेथे वडिलांच्या निधनाची वार्ता आली. तरी ते परतले नाहीत. चिनी भाषा शिकून, रणभूमीलगत, प्रसंगी अहोरात्र, ते जखमींवर शस्त्रक्रिया करीत. कॅनडाहून आलेले डॉक्टर बेथ्यून अशीच सेवा करताना १९३९ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणिसांकडे आली. पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, अपस्माराने त्यांचा अंत झाला. वय अवघे ३२! शिच्याच्वांगच्या हुतात्मा-स्मारकात त्या दोघांच्याही समाध्या आहेत.