पौलाचे तंबू आणि आमचं पाकीट

आजचे वाचन : १ करिंथ ९:१-१८



गेल्या रविवारी आमच्या मंडळीत बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. पहाटेची एसटी, मग रिक्षा, दोन उपासना आणि दुपारी तरुण संघ. खजिनदार मीच. शाल दिली, पुष्पगुच्छ दिला, पाकिटात पाचशे रुपये घातले. त्यांनी ते न उघडताच खिशात ठेवलं. रात्री हिशेब लिहिताना दिसलं, शाल आणि फुलं मिळून पाकिटापेक्षा जास्त झाली होती! तेवढ्यात आज हा अध्याय वाचनात आला.

पौल तार्सचा. जन्माने रोमी नागरिक, यरुशलेमेत गमलियेलापाशी शिकलेला. असा माणूस इ.स. ५० च्या सुमारास करिंथला आला आणि अक्विल्ला-प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर तंबू शिवू लागला. हे जोडपंही नवीनच आलेलं. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोम सोडायला लावलं होतं. पौल तिथे दीड वर्ष राहिला. पण करिंथकरांकडून त्याने काही घेतलं नाही. कमी पडलं ते मासेदोनियाच्या बंधूंनी भागवलं.

आम्हा कमिटीवाल्यांना ही गोष्ट फार आवडते. पौल बघा, हाताने कमवून खायचा! पण ९ वा अध्याय सावकाश वाचा. आधी तो वकिलासारखा आपला हक्क सिद्ध करतो. शिपाई, द्राक्षमळेवाला, मेंढपाळ, मळणीचा बैल, मंदिरातले सेवक, असे एकेक दाखले देत शेवटी तो प्रभूच्या आज्ञेवरच येतो. सुवार्ता सांगणाऱ्याचं पोट सुवार्तेवर चालावं. एवढं सगळं झाल्यावर सांगतो की मी मात्र हा हक्क वापरला नाही. म्हणजे हक्क त्याचा आणि सोडलाही त्यानेच. करिंथच्या मंडळीने त्याच्या वतीने परस्पर सोडला नव्हता.

दुसऱ्यांच्या बाबतीत तर तो अगदी काटेकोर. जेनस शास्त्री आणि अपुल्लोस प्रवासाला निघाले, तेव्हा त्यांना वाटेत काही कमी पडू नये याची काळजी घ्यायला त्याने तीताला लिहून कळवलं.

आणि फिलिप्पैकर! पौल थेस्सलनीकात होता तेव्हाही त्यांनी एकदा नाही, पुन्हा मदत धाडली. पुढे तो बंदीत असताना एपफ्रदीत त्यांची देणगी घेऊन गेला आणि त्या सेवेत आजारी पडून मरता मरता वाचला. (आम्हाला साधं यूपीआय करायचं होतं.)

दुपारी उपदेशकांना फोन केला, येण्या-जाण्याचा खर्च विचारला. ते टाळत राहिले. मी म्हटलं, सर, तिकिटाचा फोटो तेवढा पाठवा. बऱ्याच वेळाने आला. परतीचं तिकीट जवळच्या कुणाकडून उसने घेऊन काढलं होतं, हे तेव्हा कळलं.

रविवारी कमिटीची मीटिंग आहे. भाडं वेगळं, मानधन वेगळं, आणि शाल बंद, असा ठराव मी लिहून ठेवलाय.